छोट्या टॅबलेटचा साचा बदलायचा, की नुसतं आतलं काळीज?

कातरवेळ:

घरात एक वाद सुरू आहे, तोच इथे मांडते. मुलाचं म्हणणं असं, की ॲपलच्या आयपॅड मिनी या छोट्या टॅबलेटचा चेहरा २०२१ पासून तसाच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच साच्यात ए१७ प्रो चिप आणि ८ जीबी रॅम घालून तो पुन्हा विकायला आणला, तेव्हा पुढचा तरी नखशिखांत नवा हवा. मला हे पटत नाही. साच्याला हात लावू नका, आतलं मात्र वेळच्या वेळी बदला, असं माझं मत आहे.

मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते, बहुतेकदा उभ्यानेच. उजवा हात वरच्या कडीला, डाव्या हातात मिनी. चार बोटं पाठीवर पसरलेली, अंगठा पडद्याच्या काळ्या काठावर. पान उलटायचं तर अंगठा अर्धा इंच आत सरकवायचा. गाडी सांधा बदलताना हिसका देते तेव्हा बोटांची पकड आपोआप घट्ट होते, कारण पलीकडची कड हाताच्या टप्प्यात असते. दहा-अकरा इंची टॅबलेट असा धरता येत नाही. फोनवर पीडीएफ वाचायची तर प्रत्येक ओळ मोठी करून आडवी ओढत बसावं लागतं.

हा टप्पा म्हणजे नेमका किती? पहिला मिनी २०१२ साली आला तेव्हा त्याची रुंदी १३४.७ मिलिमीटर होती. २०२४ च्या मिनीची १३४.८ आहे. मधे पडदा ७.९ चा ८.३ इंच झाला, होम बटण गेलं, चार्जिंगला लाइटनिंगच्या जागी यूएसबी-सी आलं, वजन ३०८ ग्रॅमवरून २९३ वर आलं, पण रुंदी जिथल्या तिथे. मला हा योगायोग वाटत नाही. २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स म्हणाले होते, की सात इंची टॅबलेटबरोबर सँडपेपरही द्यावा लागेल, म्हणजे लोकांना बोटं घासून बारीक करता येतील. त्याच कंपनीने दोन वर्षांनी जी रुंदी निवडली, ती हातात इतकी नेमकी बसली की आजवर कुणाला ती मोडावीशी वाटली नाही.

माझं दुखणं आहे ते उशिराचं. मिनी ४ आला सप्टेंबर २०१५ मध्ये, पुढचा, म्हणजे मिनी ५, थेट मार्च २०१९ मध्ये. साडेतीन वर्षं दुकानात तोच, ए८ चिपचा. ज्याने तो २०१९ च्या जानेवारीत घेतला असेल, त्याला सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती मिळाली आयपॅडओएस १५, म्हणजे २०२१ ची. नव्या वस्तूला जेमतेम तीन वर्षांचं आयुष्य. दर दीड-दोन वर्षांनी नुसती चिप आणि रॅम बदलली असती तरी हे टळलं असतं. रूप पालटण्याची वाट बघताना गिऱ्हाईक जुनंच घेत राहतं.

निळीशाई:

कातरवेळताई, उशिराबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी मात्र साफ असहमत.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो, प्रवासात कच्ची रेखाटनं मिनीवरच होतात. 'साचा तोच ठेवा' असं आपण म्हणत राहिलो की कंपनीला तेच सोयीचं पडतं. २०२४ मध्ये आला तेव्हा १२८ जीबीच्या मिनीची भारतातली जाहीर किंमत ४९,९०० रुपये आणि पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे चित्र सेकंदाला साठदाच नवं होणार. पंधरा हजारांच्या अँड्रॉइड फोनलाही आता १२० हर्ट्झ असतो. रेषा ओढताना पेन पुढे आणि शाई मागे, हे अंतर डोळ्याला दिसतं.

२०२१ मध्ये मिनी ६ च्या पडद्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवा. टॅबलेट उभा धरून मजकूर सरकवला की एक बाजू किंचित मागे रेंगाळते आणि ओळ तिरकी भासते. एलसीडी पडद्याचा हा नेहमीचा स्वभाव आहे, असं उत्तर तेव्हा कंपनीने दिलं. मग पडद्याची जातच बदला ना. हे काही अशक्य नाही. सॅमसंगने २०१४ मध्ये गॅलेक्सी टॅब एस ८.४ काढला होता. अमोलेड पडदा, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, २५६० बाय १६०० पिक्सेल, वजन २९४ ग्रॅम. म्हणजे मिनी ७ च्या (२०२४ वाल्याच्या) दहा वर्षं आधी, जवळजवळ त्याच वजनात.

पुढचा कॅमेरा अजून आखूड बाजूला. मिनी आडवा उभा करून मीटिंगला बसलं की आपण कायम भलतीकडे बघतोय असं समोरच्याला दिसतं. साध्या आयपॅडचा कॅमेरा २०२२ मध्येच लांब बाजूला गेला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पेन्सिलची, म्हणजे पडद्यावर रेखाटायच्या कंपनीच्याच पेनची. मिनी ७ चा साचा मिनी ६ चाच, तरी त्याला दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही. पेन्सिल प्रो घ्या, ११,९०० रुपये, नाहीतर यूएसबी-सीवाली घ्या, जिला दाबाची जाण नाही आणि माझ्या कामाला ती निरुपयोगी. साचा तोच राहिला म्हणून जुनं सामान वाचतं, हा समज इथेच कोसळतो. सामान बदलावंच लागणार असेल तर पदरात नवं काही पडू तरी दे.

घाटमाथा:

पेन्सिलच्या मुद्द्याला +१. २०२५ मध्ये साधा आयपॅड ३४,९०० ला आला आणि पडदा मिनीहून मोठा. लहान वस्तूला जास्त पैसे का, हे मला अजून कुणी नीट समजावलेलं नाही.

राउंडवरची:

घाटमाथादादा, लहान आहे म्हणूनच तर देते मी पैसे. मी सरकारी रुग्णालयात फिजिशियन आहे. सकाळच्या राउंडला मिनी ॲप्रनच्या खिशात असतो. औषधांचे डोस, गाइडलाइन्स, स्वतःच्या नोंदी, सगळं त्यात. खाटेजवळ गेलं की दोन्ही हात रिकामे लागतात, नाडी बघायची, पोट तपासायचं. टेबलावर टॅबलेट ठेवून येऊ अशी जागाही नसते आणि तशी वेळही नसते.

मी मिनी ४ घेतला २०१६ मध्ये. विकतच्या ॲप्रनच्या खिशात तो कव्हरसकट अडकायचा, म्हणून शिंप्याकडून खिसा सहा इंच रुंद करून घेतला. २०२२ मध्ये मिनी ६ घेतला. पडदा मोठा झाला होता तरी खिसा तोच पुरला. उंची तर उलट ८ मिलिमीटरने कमी झाली होती, त्यामुळे वाकल्यावर वरची कड बरगडीला टोचायची ती बंद झाली.

म्हणून मला दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं द्यावंसं वाटतं. २०२१ चा बदल साच्याचाच होता आणि तो फार चांगला होता. पण केला कसा, तर वरची-खालची जाड पट्टी काढून. रुंदी सोडून सगळं हलवलं.

पानपसारा:

एक हिशेब देतो, जुनी मराठी पुस्तकं वाचणाऱ्यांच्या कामाचा. आपली बरीच पुस्तकं डेमी आकाराची, साडेआठ बाय साडेपाच इंच. स्कॅन केलेलं असं पान ७.९ इंची जुन्या मिनीवर पूर्ण मावायचं ते छापील आकाराच्या पाऊणपटीहून किंचित कमी. ८.३ इंचीवर ते ऐंशी टक्क्यांच्या थोडं वर जातं. ऐकायला फरक क्षुल्लक, पण देवनागरीत तो मोठा आहे. जुन्या खिळ्यांची छपाई, त्यात स्कॅन धूसर. जोडाक्षराच्या पोटातली रेघ आणि रफार पाऊणपटीत एकमेकांत मिसळतात, ऐंशी टक्क्यांत सुटे दिसतात. मी साठीचा आहे, मला हा फरक रोज रात्री जाणवतो.

पडद्याचं प्रमाण चारास तीनवरून साधारण तीनास दोनवर गेलं त्याचा हा फायदा. ते प्रमाण आपल्या पुस्तकाच्या पानाला जवळजवळ तंतोतंत जुळतं. हे नुसती चिप बदलून झालं नसतं. पण आता झालंय ना? तर मग आता ते मोडू नका. रेषा मागे राहते याने वाचणाऱ्याचं काही अडत नाही, पान मी मिनिटाला एकदा उलटतो.

निळीशाई:

काका, तुमचं वाचन आणि माझं रेखाटन एकाच यंत्रावर होतं म्हणूनच तर हा वाद. पण तुमचाच हिशेब माझ्या बाजूचा आहे. २०२१ मध्ये 'आहे ते बरं आहे' म्हणून कंपनी थांबली असती तर तुमचे रफार अजून मिसळलेलेच असते.

कातरवेळ:

निळीशाई, सॅमसंगचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. त्या टॅब एसचं पुढे काय झालं? वर्षभरात टॅब एस२ आला. ८.४ चे ८ इंच झाले, सोळास दहाचं प्रमाण टाकून चारास तीन घेतलं, जाडी ५.६ मिलिमीटर, वजन २६५ ग्रॅम. एका वर्षात सगळंच नवं. कागदावर त्याच्या तोडीचा छोटा टॅबलेट तेव्हा नव्हता. तरी आठ इंचातली ती वरच्या दर्जाची मालिका तिथेच थांबली. एस३ फक्त मोठ्या आकारात आला. गूगलचा नेक्सस ७ सुद्धा २०१२ आणि २०१३ असा दोनदाच झाला, दुसऱ्या वेळी पडदा आणि अंग दोन्ही नवं, आणि मग बंद. या आकाराचं गिऱ्हाईक थोडं असतं, पण ते वर्षानुवर्षं टिकतं. त्याला दरवर्षी नवा चेहरा दाखवून काही मिळत नाही. ज्याची रुंदी टिकली तोच टिकला.

१२० हर्ट्झ किंवा ओएलईडी (अमोलेडच्याच जातीचा पडदा) हवंच, त्याला माझा विरोध नाही. माझ्या लेखी ते आतलंच काम आहे.

निळीशाई:

नाही ताई, पडदा हे आतलं काम नव्हे. मिनी ६ आणि ७ च्या दर्शनी भागातला सुमारे ७७ टक्के पडदाच आहे. मिनी ५ मध्ये तो ७१ च्या आत होता. छोट्या टॅबलेटमध्ये पडदा म्हणजेच वस्तू. तो बदलला तरी साचा तोच म्हणायचं असेल, तर मग आपलं भांडण बरंचसं शब्दाचं आहे आणि मी त्यावर खूश आहे. पण कॅमेरा लांब बाजूला न्यायचा तर पेन्सिल चिकटते त्या कडेवरच जागा करावी लागणार. तिथे तुम्हाला साच्याला हात लावू द्यावाच लागेल.

वाराखाली:

उशिरा आलो, पण हे वाचून गप्प बसवेना. मी विमान चालवायला शिकतो आहे. छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये मांडीवर पट्ट्याने बांधायचा नीबोर्ड असतो, त्यात मिनी बसतो. नकाशे, विमानतळाचे तक्ते, वजनाचा हिशेब त्यावर. मोठा आयपॅड मांडीवर ठेवला तर विमान चालवायची स्टिक पूर्ण मागे येत नाही, तो आडवा येतो. फोन डोळ्यापासून फार लांब पडतो. वैमानिकांमध्ये मिनी इतका का चालतो ते एकदा बसून बघा म्हणजे कळतं.

मला बदल हवाय, पण तुम्ही दोघं म्हणता तो नव्हे. मला मिनी जाड हवाय. कंपनीच्याच तपशिलात लिहिलंय की वापरताना आजूबाजूचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं. एप्रिल-मेच्या दुपारी, काचेच्या छताखाली, इंजिन सुरू करून धावपट्टीची वाट बघताना ३५ केव्हाच मागे पडलेले असतात. माझ्या सीनियरचा एक टॅबलेट (कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही) ऐन उतरताना पडदा अंधुक करून बसला होता. मांडीवर कागदी तक्ता होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी कागद सोडलेला नाही.

२०१२ चा मिनी ७.२ मिलिमीटर जाड होता, आजचा ६.३. हा जवळजवळ एक मिलिमीटर परत द्या. त्यात उष्णता पसरवायला धातूचा पत्रा घाला, बॅटरी वाढवा. मिनी ५ ची १९.१ वॉट-तास होती, ६ आणि ७ ची १९.३. एवढ्या वर्षांत बॅटरी हललेलीच नाही. चिप मात्र दर वेळी दणकट होत गेली, आणि त्याच पातळ अंगात कोंबलेली दणकट चिप तापतेच. 'नुसती चिप बदला' म्हणणाऱ्यांनी हा भाग ध्यानात घ्यावा.

पानपसारा:

वाराखाली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण आणखी तीस-चाळीस ग्रॅम वाढले तर आडवं पडून वाचताना मनगट बोलेल माझं.

कातरवेळ:

वाराखाली, तुमच्या प्रतिसादाने माझं मत हललं, हे मान्य करते. आतलं वाढवायचं आणि बाहेरचं तसूभर हलवायचं नाही, हे दोन्ही एकदम फार काळ चालणार नाही. एक मिलिमीटर जाडी मी देईन. कॅमेरा लांब बाजूला गेला तरी माझं काही बिघडत नाही, मीटिंगला मी लॅपटॉपच घेते. पण काळा काठ बारीक करू नका, अंगठा ठेवायला तेवढीच जागा आहे. आणि १३४.८ ला हात लावू नका.

मुलाला हा धागा वाचायला दिला. तो म्हणतो, म्हणजे तू नवा साचाच मागते आहेस. मी म्हटलं, तसं असेल तर तसं.

राउंडवरची:

आजच शिंप्याकडे आणखी दोन ॲप्रन टाकून आले. खिसा किती, त्याने विचारलं. सहा इंचच सांगितला.