समुपदेशनाआधी ड्युटीचा तक्ता बघा
रुग्णालयात नव्याने लागलेल्या सिस्टरांसाठी समुपदेशन ठेवावं, अशी एक सूचना आली आहे. ती चांगलीच, पण ड्युटीचा तक्ता तसाच राहिला तर ते पुरणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सामान्य रुग्णालयाच्या वॉर्डात ५ रुग्णांमागे १ परिचारिका आणि वर ३० टक्के रजा-राखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी काम करायला जास्तीची पदं, धरलेली आहेत. ती राखीव पदं रिकामी राहिली, की कुणाच्या रजेवर नवखीलाच अनोळखी वॉर्डात पाठवतात. तिथे तिला ना औषधांचं कपाट ठाऊक, ना क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषध-साधनांची ढकलगाडी. निदान पहिले तीन महिने वॉर्ड बदलूच नये. अनुभवी जोडीदार सिस्टर तिच्याच पाळीत हवी, नुसती कागदावर नको. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड अशी चूक झाल्यास जिवावर बेतणारी औषधं दोघींनी तपासूनच द्यावीत, रात्री तर नक्कीच.