मदत हवी आहे: 'द शॅडो'चे जुने भाग कुठून ऐकू?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतली 'द शॅडो' ही जुनी रेडिओ मालिका कोणी मन लावून ऐकली आहे का? १९३० साली शॅडो म्हणजे गुन्हेकथा सांगणारा नुसता एक आवाज होता. श्रोते दुकानांत त्याच्याच नावाचं मासिक मागू लागले, म्हणून प्रकाशकांनी १९३१मध्ये ते काढलं. १९३७मध्ये अभिनेता ऑर्सन वेल्स रेडिओवर लॅमाँट क्रॅन्स्टन, म्हणजेच शॅडो झाला, वय अवघं २२! मासिकातला शॅडो काळोखात लपतो. रेडिओवरचा मात्र समोरच्याच्या मनावर पडदा टाकून अदृश्य होतो. नुसत्या आवाजाच्या माध्यमाला हे किती शोभतं! वेल्सचे भाग ऐकून झालेत. आता त्याच्यानंतर शॅडो झालेल्या बिल जॉनस्टोनचे ऐकायचे आहेत. कुठल्या भागापासून सुरुवात करू? आणि खरखर कमी असलेली ध्वनिमुद्रणं कुठे मिळतील?