वरच्या-खालच्या फ्लॅटचा गळतीवरून वाद: दोघांशी बोलायचं कसं?

सेक्रेटरी_बी_विंग
२०२ च्या बाथरूमचं छत गळतंय. ३०२ वाले म्हणतात, ‘आमच्याकडे सगळं कोरडं आहे, आधी सिद्ध करा.’ ग्रुपवर आधी फोटो, मग टोमणे, आता ‘तुमच्यासारखी माणसं’ इथपर्यंत मजल गेली आहे. रविवारी दोघांना कमिटीसमोर बोलावलंय. तांत्रिक बाजू प्लंबर बघेल. पण दोघं समोर आले की दोन मिनिटांत आवाज चढतात, तिथे काय करायचं?

मध्यस्थी_करणारा
रविवारची बैठक पुढे ढकला. आधी दोघांच्या घरी वेगवेगळं जा, प्रत्येकी अर्धा तास, आणि एकटेच. तिघं-चौघं दारात दिसले की माणूस वकिलासारखा बोलायला लागतो. २०२ मध्ये बसण्याआधी छताला हात लावून बघा. ३०२ मध्ये मात्र पहिल्याच भेटीत बाथरूम दाखवा म्हणू नका.

प्रश्न दोनच: ‘यात तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलं?’ आणि ‘काय झालं म्हणजे तुमच्यापुरता हा विषय संपेल?’ पहिल्याचं उत्तर बहुधा पाण्याबद्दल नसतंच. खालच्याला डाचत असतं की कोणी दखलच घेत नाही. वरच्याला, की न विचारताच सगळ्या सोसायटीसमोर आरोपी केलं. ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत परत बोला: ‘म्हणजे फोटो टाकण्याआधी बेल वाजवली असती तर एवढं वाढलं नसतं, असंच ना?’ चुकलं असेल तर ते सुधारून सांगतील, तेही हवंच आहे.

फक्त ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणू नका. राग समजून घेणं वेगळं, दावा मान्य करणं वेगळं. सेक्रेटरी घसरतो तो इथेच, आणि संध्याकाळपर्यंत ‘कमिटी त्यांच्याच बाजूची’ अशी बातमी पसरते.

शांतपणे_बोला
आवाज चढण्याबद्दल. नवरा-बायकोच्या भांडणांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं निरीक्षण इथेही लागू पडतं: नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकून घेण्याची ताकद संपते आणि शरीर निवळायला निदान २० मिनिटं लागतात. दोन मिनिटांचा चहा पुरत नाही. एकाने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं की थांबा. ‘शांत व्हा’ नको, त्याने भडका उडतो. ‘मला दोघांचंही नीट ऐकायचंय, साडेअकराला पुन्हा बसू’ असं घड्याळाची वेळ देऊनच उठा, नाहीतर एकजण परत येत नाही. मधल्या वेळात दोघांना वेगळं बसवा आणि ग्रुप बघू देऊ नका. मनात उत्तरं जुळवत बसलं तर राग उतरत नाही.

बसवताना समोरासमोर नको. टेबलाच्या लगतच्या दोन बाजूंना बसवा, मधे छताचा फोटो ठेवा.

सिव्हिलवाला
‘तांत्रिक बाजू प्लंबर बघेल’ हे मला पटलं नाही. भांडण परत पेटतं ते तिथेच. प्लंबर दोघांना मान्य असलेला हवा आणि तपासणीला दोघंही हजर हवेत.

आधी ३०२ चं ते बाथरूम दोन दिवस वापरू नका. तरीही थेंब त्याच वेगाने पडत असतील तर संशय पाइपवर. लाइनची प्रेशर टेस्ट (पाइपात दाबाने पाणी भरून दाब उतरतो का बघणं) करून घ्या. थेंब कमी झाले तर नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जातं ती जाळीखालची मोरी) बंद करून उंबऱ्याच्या खाली राहील इतपत, इंचभर रंगीत पाणी २४ तास भरून ठेवा. खाली रंग उतरला तर टाइल्सचे सांधे किंवा ट्रॅपचा जोड. नाही उतरला तर लगेच ३०२ ला निर्दोष ठरवू नका. लादीखालच्या भरावातून पाणी यायला वेळ लागतो.

आणि हे दोघांना काम सुरू होण्याआधीच सांगा: दुरुस्तीनंतरही भरावात साठलेलं पाणी काही आठवडे झिरपतं. हे सांगितलं नाही तर खालचे म्हणतात ‘फसवलं’, वरचे म्हणतात ‘पैसे पाण्यात’. लेखी टाका, पुढच्या पाहणीच्या तारखेसकट.

खर्चाचं तपासणीनंतरच काढा. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) गच्ची, बाहेरून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीकडे. फ्लॅटच्या आतली सदस्याकडे.

सेक्रेटरी_बी_विंग
ग्रुपवर काय टाकू? आणि ३०२ नी दारच उघडलं नाही तर?

मध्यस्थी_करणारा
ग्रुपवर एवढंच: ‘२०२-३०२ च्या गळतीची तपासणी दोन्ही सदस्यांच्या उपस्थितीत अमुक तारखेला आहे. तोवर या विषयावर इथे लिहू नये.’ माफीचा उल्लेख नको. ती मागायला लावली की पोकळ येते आणि नवा मुद्दा होतो. फोटो काढून टाकायला मात्र २०२ ला खासगीत सुचवा. बहुतेक दारं त्यानंतर उघडतात.

तरीही नाही उघडलं तर लेखी पूर्वसूचना देऊन पाहणी करण्याचा अधिकार कमिटीला उपविधींत आहेच. पण नोटिशीच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा: ‘उद्या पत्र येईल, ते नियमाने द्यावंच लागतं.’ नोटीस अचानक दारात पडली की तो नवा अपमान.