चर्चगेटला रूळ का संपतात?

यार्डातला: जुन्या नकाशांत बीबी अँड सीआयची (आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वीची कंपनी) लाइन चर्चगेटपुढे कुलाब्यापर्यंत दिसते. ती कधी तोडली? आणि चारच फलाटांवर एवढ्या लोकल उलट्या फिरतात कशा?

बफरस्टॉप: कुलाबा टर्मिनस १९३० च्या अखेरीस बंद झालं. त्याच डिसेंबरात मुंबई सेंट्रल उघडून लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या, लोकल चर्चगेटलाच थांबू लागल्या. गंमत म्हणजे विजेची लोकल ५ जानेवारी १९२८ रोजी सुरू झाली ती कुलाबा-बोरिवलीच. म्हणजे कुलाब्यावरच्या तारा जेमतेम तीन वर्षं कामी आल्या! स्थानकाच्या जागेवर आज बधवार पार्क आहे.

मोटरमनगिरी: फिरवण्याचं गणित सोपं. वाफेच्या गाडीचं इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला न्यावं लागे. लोकलला दोन्ही टोकांना केबिन, त्यामुळे मोटरमन आणि गार्ड टोकं बदलतात, झालं. खरी अडचण फलाटांबाहेरच्या सांध्यांवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे. सुटणारी गाडी येणारीचा मार्ग आडवा कापते, म्हणून एक रखडली की मागच्या सिग्नलला खोळंबतात.

बफरस्टॉप: आणि येताना वेग वेळीच उतरवायलाच हवा, पुढे बफरच (रुळांच्या टोकाचा अडसर) आहे. २८ जून २०१५ ला एक लोकल तो ओलांडून फलाटावर चढली होती.

यार्डातला: आणि नाव?

मोटरमनगिरी: किल्ल्याच्या वेशीवरून. सेंट थॉमस चर्चकडे जाणारी ती चर्चगेट. वेस १८६० च्या दशकात पाडली, नाव राहिलं.