सायकल मंडळ (ए-बी-सी विंग): रविवारी माथेरानचा घाट की वज्रेश्वरी?

सावंत, बी-७०३ (मंगळवार, रात्री १०:४२)
रविवारची वज्रेश्वरी राइड ठरलेली होती. पंधरा दिवस आधी ठरलेली. आणि आज संध्याकाळी परस्पर पोल पडतो, "माथेरान घाट शर्यत, कोण कोण?" ज्यांनी पोल टाकला त्यांनी आधीचा मेसेज वाचण्याची तसदी घेतली असती तर बरं झालं असतं. असो.

प्राजक्ता, सी-११०२
सावंत काका, पोल मीच टाकला. नाव घेतलंत तरी चालेल. शर्यतीची नावं द्यायची उद्या रात्रीपर्यंत मुदत आहे म्हणून टाकला. ९ शर्यत, ८ वज्रेश्वरी.

रोहन, बी-१२०१
त्या ९ मधलं एक मत माझं, चुकून बोट लागलं. मिसळ कुठे आहे ते आधी सांगा, मत तिकडे.

फडके काका, सी-१०४
माथेरान असेल तर उतरताना सायकली टेम्पोत. टेम्पोचे पैसे आधी. गणपतीच्या शिल्लक रकमेला हात लागणार नाही.

कदम वहिनी, ए-३०३
सायकलचा विषय निघालाच आहे तर सांगते. क्लबहाउसच्या नळाखाली रॉकेलने चेन धुतली जाते आणि ते पाणी माझ्या कुंड्यांत उतरतं. एक तुळस गेली. लिफ्टमध्ये काळे डाग आहेत ते वेगळेच.

नेने काका, ए-२०१
वहिनींचा मुद्दा रास्त आहे, स्वतंत्रपणे घेऊ. आता मूळ प्रश्न. भावनेने नको, आकड्याने पाहू. नेरळ ते दस्तुरी नाका (माथेरानला गाड्या थांबतात ते ठिकाण) साधारण ७ कि.मी. आणि चढ सुमारे ७०० मीटर, म्हणजे सरासरी १० टक्के. माणूस ७८ किलो, सायकल ११, पाणी नि सामान १, एकूण ९०. ९० × ९.८१ × ७०० = ६ लाख १८ हजार ज्यूल. हे तासाभरात करायचे तर १७२ वॅट. टायरचं घर्षण, चेनमधला तोटा धरून १८५–१९०. पूर्ण तासभर, मध्ये उसंत नाही. सपाटीवर पॅडल सोडलं तरी सायकल पुढे जाते. १० टक्क्यांवर सोडलंत की दोन सेकंदात पाय जमिनीला.

रोहन
काका, आमच्या घरचा मिक्सर ५०० वॅटचा आहे. त्याला पाठवू.

प्राजक्ता
नेने काकांचं गणित बरोबर आहे, पण वॅटपेक्षा आधी गिअर बघा, खरी अडचण तिथे आहे. तासाला ७ कि.मी. म्हणजे मिनिटाला ११७ मीटर. पुढे ३४, मागे २८ दाती असेल तर पॅडलच्या एका फेरीत सायकल २.५५ मीटर जाते. म्हणजे मिनिटाला जेमतेम ४६ फेऱ्या. एवढ्या हळू फेऱ्यांत तेवढीच ताकद काढायची तर प्रत्येक फेरीला गुडघ्यावर ओझं. मागे ३४ ची कॅसेट (गरारींचा संच) असेल तर ५५–५६ फेऱ्या. तरीही कमीच, पण निभतं.
ज्यांच्या हायब्रिडला पुढे तीन चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी प्लेटा, आहेत (२८-३८-४८) आणि मागे ३४, त्यांना ६७ फेऱ्या मिळतील. ग्रुपमधल्या सगळ्यात स्वस्त सायकली या घाटाला सगळ्यात योग्य आहेत, हे काही जणांना आवडणार नाही.

सावंत, बी-७०३
टोमणा पोचला. माझ्या सायकलला मागे ११ ते २८ दाती आहे. बदलून घेईन कॅसेट, त्यात काय.

तांबोळी, बी-५०२
सावंत साहेब, थांबा. तुमचा मागचा डिरेल्युअर (चेन एका गरारीवरून दुसरीवर नेणारा भाग) छोट्या पिंजऱ्याचा आहे, शिमानो १०५ चा, आर७००० एसएस. तो ३० दातांपर्यंतच घेतो. ३४ ला लांब पिंजऱ्याचा जीएस लागतो. नुसती कॅसेट चढवली तर वरचं चाक गरारीवर घासणार. आणि चेनही लांब लागते. पुढची मोठी प्लेट आणि मागची मोठी गरारी यांवरून चेन डिरेल्युअरमधून न घालता गुंडाळा, वर दोन कड्या धरा, ती लांबी. जुनी आखूड चेन ठेवून मोठी-मोठी टाकलीत तर डिरेल्युअर हँगरसकट (तो फ्रेमला बसतो ती पट्टी) उपटला जाईल. म्हणजे कॅसेट, चेन, डिरेल्युअर, बी-स्क्रूचं (डिरेल्युअर नि गरारीतलं अंतर ठरवणारा स्क्रू) सेटिंग, आणि नवीन जुळणी घाटात पहिल्यांदा तपासायची नसते. आज मंगळवार.

सावंत, बी-७०३
म्हणजे मी वज्रेश्वरीच म्हणत होतो ते बरोबर होतं.

प्राजक्ता
तुमच्यासाठी बरोबर. सगळ्यांसाठी नाही.

फडके काका, सी-१०४
पुन्हा सांगतो. माथेरान असेल तर उतरताना सायकली टेम्पोत. टेम्पोचे पैसे आधी.

प्राजक्ता
काका, मी उतरणार सायकलनेच. डिस्क ब्रेक आहेत.

नेने काका, ए-२०१
जे ६ लाख १८ हजार ज्यूल चढताना घातले ते उतरताना कुठेतरी जायला हवेत. १५ मिनिटांत उतरलात तर ६८७ वॅट. त्या वेगाला हवेचा रोध वजा केला तरी पाचशेच्या वर वॅट ब्रेकमध्ये. रिम ब्रेक असेल तर ही उष्णता थेट रिमला, म्हणजे ट्यूबला. ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते, हवेचा दाब वाढतो, ट्यूब फुटते, तीही वळणात. कार्बन रिम आणि रिम ब्रेक असेल त्याने तर विचारही करू नये.
रोहन, तुझ्या मिक्सरचा हिशोब इथे लागतो बघ. तो मिक्सर ब्रेक पॅडवर चालू आहे असं समज.

तांबोळी, बी-५०२
डिस्कलाही पथ्य आहे. वळणाआधी वेग तोडायचा, वळणात ब्रेक सोडायचा. दाबा-सोडा, दाबा-सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून. पॅडवर चेनचं तेल उडालेलं असेल तर ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही, त्यामुळे शनिवारी चेनवर स्प्रे मारू नका. आणि खरी भीती ब्रेकची नाही, वर येणाऱ्या टॅक्सींची आहे. वळणावर त्या पूर्ण रस्ता घेतात. फडके काकांचं बरोबर, टेम्पोच.

कदम वहिनी, ए-३०३
स्प्रे नको म्हणता, रॉकेल चालतं वाटतं.

तांबोळी, बी-५०२
वहिनी, माफ करा. रॉकेल-डिझेल जुन्या डब्यात घ्यायचं, ब्रश आणि फडकं, डबा झाकून गॅरेजला द्यायचा. नळाची गरजच नाही. तेल प्रत्येक रोलरला एक थेंब, रात्रभर मुरवायचं, सकाळी चेन कोरडी पुसायची. डाग पडतात ते न पुसलेल्या चेनचे. हे सगळ्यांसाठी.

डॉ. मीनाताई, ए-६०४
शुभ सकाळ. रात्री ६० मेसेज! दोन-चार गोष्टी वैद्यकीय. पन्नाशीच्या पुढचे, बीपी-शुगर असलेले आणि गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी एवढा दम लागेल असं काही केलेलं नाही, त्यांनी स्ट्रेस टेस्टशिवाय घाटाच्या शर्यतीत उतरू नये. लांब राइडमध्ये आपण दम बघून वेग कमी करू शकतो, १० टक्क्यांवर कमी करायला वेगच उरत नाही.
बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये. गोळी ठोके वाढूच देत नाही, आकडा ११० दिसतो आणि माणूस संपलेला असतो. सलग एक वाक्य बोलता येतंय का ते पाहा. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, विचित्र घाम, तिथेच थांबायचं.
इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना धोका उलट वज्रेश्वरीत जास्त, कारण चार-पाच तास. निघताना शुगर १०० च्या खाली असेल तर आधी खा. खिशात ग्लुकोज, आणि ते कुठल्या खिशात आहे हे जोडीदाराला माहीत हवं. डोस कमी करायचा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून.

रोहन
ताई, मिसळ?

डॉ. मीनाताई, ए-६०४
परतीला निम्मा रस्ता उरलेला असताना तर्री नको. केळी, उकडलेला बटाटा मीठ लावून, चिक्की, खजूर. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, भूक लागायची वाट न बघता, पहिल्या पाऊण तासापासून. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणीच ढोसू नका, एका बाटलीत ओआरएस. एक मोठं पाकीट एक लिटरलाच, ७५० च्या बाटलीत कोंबायचं नाही. शर्यतीला मात्र वाटेत खायची गरज नाही. अडीच तास आधी साधे पोहे आणि चढताना घोट घोट पाणी.

सावंत, बी-७०३
ताईंनी स्पष्टच सांगितलं. वज्रेश्वरी फायनल करू या?

प्राजक्ता
ताईंनी दोन्हीचे धोके सांगितले, काका. आपल्या सोयीचं तेवढं वाचायची या ग्रुपची पद्धत जुनी आहे.

सावंत, बी-७०३
जुनी म्हणजे कधीपासूनची ते बोलायला लावू नकोस. सायकल स्टँडच्या वेळी कोण काय वाचत होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

कदम वहिनी, ए-३०३
स्टँडचा ठराव मंजूर झालेला नाही. नोंद असावी.

फडके काका, सी-१०४
स्टँडचा खर्चही मंजूर नाही. टेम्पोचाही नाही. टेम्पोचे पैसे आधी.

तांबोळी, बी-५०२
वज्रेश्वरीला जाणाऱ्यांनी दिशा ठरवा. मी म्हणतो भिवंडीकडून पहाटे जा. बाळकुम, कशेळी, भिवंडी, अंबाडी, वज्रेश्वरी आणि परत पारोळ, शिरसाड, वर्सोवा पूल, घोडबंदर. भिवंडीतले कंटेनर दहानंतर नको वाटतात.

नेने काका, ए-२०१
असहमत. पहाटे अंधारात त्या रस्त्यावरचे खड्डे दिसत नाहीत. शिवाय अकरानंतर खाडीकडून पश्चिमेचा वारा सुटतो. वज्रेश्वरीहून शिरसाडकडे येताना तो थेट तोंडावर. पाय संपलेले असताना तोंडावरचा वारा म्हणजे न दिसणारा घाट. आधी घोडबंदरने जा, उजाडताना डावीकडे तुंगारेश्वरचा डोंगर आणि पारोळचा मोकळा रस्ता मिळेल, आणि भिवंडी दहाच्या आत पार करा.

तांबोळी, बी-५०२
नेने साहेब, पारोळकडे जाताना तुंगारेश्वर उजवीकडे येतो.

नेने काका, ए-२०१
बरोबर. उजवीकडे. बाकीचं विधान कायम.

रोहन
नोंद असावी.

तांबोळी, बी-५०२
ठीक, घोडबंदरने. पण मग ५ ला फाटक सोडायचं, ५:१० नाही. कासारवडवली ते गायमुख रस्ता कुठेही अचानक अरुंद होतो, म्हणून एकामागे एक, मागचा लाल दिवा चालू. हायवेवर टायर फुटलेल्या ट्रकच्या बारीक तारा पडलेल्या असतात. पंक्चर झालं तर ट्यूब बदलून लगेच हवा भरायची नाही. टायरच्या आतून फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे तार. ती न काढता नवी ट्यूब टाकली तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच.
ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर तार नाही, खड्डा. हवा कमी होती. २८ च्या टायरला ७५ किलोच्या माणसाने ८० पीएसआयच्या आसपास ठेवावी.
आणि वाटेतल्या पंक्चरवाल्याची नळी प्रेस्टा व्हॉल्व्हला (आपल्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह) बसत नाही. पितळी अडॅप्टर स्वस्तात येतो, प्रत्येकाकडे हवा.

वैद्य, ए-१००१
८० पीएसआय मोजायचं कशाने? मंडळाचा गेजवाला पंप कुठे आहे? दोन महिने विचारतोय.

सावंत, बी-७०३
बी विंगमध्ये नाही.

प्राजक्ता
सी मध्येही नाही.

डॉ. मीनाताई, ए-६०४
विसरले होते. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या गरम कुंडात पोचल्या पोचल्या उतरू नका. घामाने पाणी कमी झालेलं, त्यात गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी पडतं, उभं राहिलं की चक्कर. आधी अर्धा तास सावलीत, पाणी, काही खाणं. मग पाय सोडून बसा, पुरे.

नेने काका, ए-२०१
वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसता येईल. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतल्यावर नवस फेडला, ते हे देऊळ. क्लीट (पॅडलला अडकणारी खाच) लावलेले बूट घालून त्या दगडी पायऱ्या चढू नयेत, घसरतात. साध्या चपला सोबत ठेवा.

प्राजक्ता
माझ्याकडे शर्यतीसाठी आता चार नावं पक्की आहेत. मी, बी-९०४, सी-३०१ आणि वैद्य काकांचा मंदार. चौघांच्याही सायकलला १:१ (पुढे-मागे सारखे दाते) किंवा त्याखालचा गिअर आहे, तपासला. बाकीच्या पाच जणांनी पुढच्या वेळी या. तोवर दर रविवारी उपवनहून येऊर सलग तीनदा, न थांबता.
चौघांसाठी: आधी सपाटीवर २० मिनिटं पाय मोकळे करा. घाटातल्या जुम्मापट्टी स्टेशनपर्यंत कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या, सुरुवातीला दम खर्च केला की नंतर भरून निघत नाही. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाका, जोर लावताना टाकला तर चेन तुटते. डाव्या वळणाची आतली कड सगळ्यात उभी असते, रस्ता मोकळा असेल तर थोडं बाहेरून घ्या. बाटली एकच. एक किलो कमी म्हणजे तासामागे जेमतेम ४० सेकंद, पण मिळतात तर घ्या.

वैद्य, ए-१००१
मंदारला विचारलंस का? त्याची सोमवारी परीक्षा आहे.

प्राजक्ता
तोच आला होता विचारायला, काका. तुमचं तुम्ही बघा.

वैद्य, ए-१००१
बघतो.

फडके काका, सी-१०४
चौघे असतील तर टेम्पो चौघांत. प्रत्येकी भाग आज रात्री नऊपर्यंत. टेम्पोचे पैसे आधी.

प्राजक्ता
पाठवले, काका. माझे आणि मंदारचे. आणि हो, उतरताना टेम्पोतच.

फडके काका, सी-१०४
मिळाले. आभारी आहे.

तांबोळी, बी-५०२
टेम्पोत ठेवताना मागची चेन सगळ्यात मोठ्या गरारीवर आणा, डिरेल्युअर आत राहतो. सायकल आडवी केलीत तर गरारीची बाजू वर. मध्ये गोधड्या. डिस्कवाल्यांनी चाक काढलं तर पॅडमध्ये जाड पुठ्ठा घाला. नाहीतर वाटेत कुणाचा हात लिव्हरवर पडला की पॅड चिकटतात आणि नेरळला चाक बसत नाही.

कदम वहिनी, ए-३०३
गोधड्या सोसायटीच्या नेऊ नयेत. त्या गणपतीच्या सामानातल्या आहेत.

सावंत, बी-७०३
वज्रेश्वरी: ११ जण. रविवारी पहाटे ५, मेन गेट. घोडबंदरने जाणे, भिवंडीने येणे. दिवे, दोन ट्यूब, अडॅप्टर, ओआरएस. प्राजक्ता, तुमच्या टेम्पोला शुभेच्छा. मनापासून म्हणतोय.

प्राजक्ता
थँक्यू काका. जीएस डिरेल्युअर मिळाला तर सांगते.

रोहन
सिक्युरिटी काकांना विचारलं. पंप पंपरूममध्ये आहे.

वैद्य, ए-१००१
दोन महिने?

रोहन
ते म्हणाले, "पंप आहे, पंपरूममध्येच ठेवणार ना."

फडके काका, सी-१०४
पंपरूमची किल्ली माझ्याकडे आहे. सही करून न्यावा.