पगारदाराने करसवलत बघून मत द्यावं का?

हिशेबनीस:
१ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त करायची घोषणा झाली आणि ५ तारखेला दिल्लीत मतदान होतं. आमच्या ऑफिसात डबा खाताना अजून ऐकतो, "आपल्यासाठी एवढं कोणी केलं?" मला हे कौतुक पटत नाही. फेब्रुवारीची पेस्लिप बघा. प्रोफेशनल टॅक्स २०० चा ३०० होतो, वर्षाचा उरलेला टीडीएस एकदम कापला जातो आणि आपण गप्प बसतो. गठ्ठ्याने मतं असलेल्यांना मात्र कोणी हात लावत नाही. बड्या बागायतदाराच्या शेतीउत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. तो विषय राज्यांचा, म्हणून दिल्ली मुंबईकडे बोट दाखवते. केंद्राने नेमलेल्या के. एन. राज समितीने १९७२ मध्येच शेतीवर कर लावायचा मार्ग सुचवला होता. त्याला हात घालेल त्या पक्षाला माझं मत, मग झेंडा कुठलाही असो.

निफाडचा_कांदा:
आलात का पुन्हा शेतकऱ्यावर! ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. तुम्हाला किलोमागे चार पैसे स्वस्त पडावं म्हणून लासलगावात भाव पाडले, ते कोणाच्या खिशातून गेले? पगारदाराला कापलेल्या कराचा फॉर्म १६ मिळतो तसा आम्हाला मिळत नाही, म्हणून तो कर नव्हे का? आम्ही गप्पही बसलो नाही. २०२४ ला लोकसभेला आमच्या कांद्याच्या पट्ट्यात, दिंडोरीत, केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार पडल्या.

हिशेबनीस:
दोन एकरवाल्याबद्दल मी बोलतच नाहीये. शेतीच्या नावावर भलताच पैसा पांढरा करणाऱ्यांवर माझा रोख आहे.

निफाडचा_कांदा:
मग तसं लिहा ना. कायदा झाला की कागद मागायला आमच्याच बांधावर येतील, त्यांच्या फार्महाऊसवर कोण जातंय!

ठाणेकरीण:
शेती राहू द्या, पगारदारांत तरी कुठे न्याय आहे? नवराबायको दोघांचं करपात्र उत्पन्न १२-१२ लाख असेल तर नव्या पद्धतीत कर शून्य. माझ्या एकटीच्या २४ लाखांवर घर चालतं, सासूबाईंची औषधंही त्यातूनच. तर सेससकट ३ लाख १२ हजार. घरात येणारा पैसा तेवढाच. यावर कुठला पक्ष बोलतो सांगा.

डावखुरा:
ताई, २४ लाखवाल्यांची मतं आहेतच किती! आणि खरी खिरापत दुसरीकडे वाटली गेली. २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र आणि हरियाणाच्या निवडणुका जाहीर. तेव्हा कोणी 'रेवडी' म्हणालं नाही. लाडक्या बहिणीचे १५०० तेवढे डोळ्यात खुपतात.

हिशेबनीस:
खुपणारच. २०२४ ला महायुती म्हणाली २१००, आघाडी म्हणाली ३०००. हा लिलावच झाला. आणि भरणारे आपण.

डावखुरा:
'आपण' म्हणजे कोण? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सप्टेंबर २०२५ पर्यंत अंगाच्या साबणावर १८ टक्के जीएसटी भरत होत्या, तुमच्याइतकाच. रिटर्न भरत नाहीत म्हणून त्या फुकट्या ठरतात का? त्यांनी १५०० बघून मत दिलं तर लाचारी, तुम्ही १२ लाख बघून दिलं तर अर्थशास्त्र!

हिशेबनीस:
मी १२ लाख बघून देतोय असं कुठे म्हटलं? वर पुन्हा वाचा.

ठाणेकरीण:
माझ्या ३ लाख १२ हजारांबद्दल मात्र दोघेही चूप.