मदत हवी आहे: टॉप बॉक्स लावल्यापासून नव्वदच्या पुढे हँडल हलतंय

नमस्कार मंडळी,

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, दीड वर्ष झालं, ११,००० किमी. राहायला कोथरूड आणि ऑफिस खराडीला, म्हणजे आठवडाभर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत असते आणि रविवारी ताम्हिणी, वरंधा नाहीतर नुसतंच भोरपर्यंत मिसळ खायला. गाडीबद्दल तक्रार शून्य, हे आधीच सांगतो. जे काय झालंय ते मी नंतर जे जे लावत गेलो त्याच्यामुळे झालंय असा मला दाट संशय आहे.

लावलं काय तर क्रॅश गार्ड, उंच विंडशील्ड, ४० वॉटचे दोन फॉग लाइट, आणि दिवाळीत ५५ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा टॉप बॉक्स. बॉक्स बघून बाबा म्हणाले, "मागे फ्रिज कशाला बसवलास?" तेव्हा हसलो.

मागच्या शनिवारी डबल सीट साताऱ्याला निघालो. बॉक्समध्ये दोघांचे कपडे, रेनकोट, पंक्चर किट, पंप, टूल, आणि सासूबाईंसाठी भाजणीचा पाच किलोचा डबा. खंबाटकी उतरलो, सुरूरच्या अलीकडे सरळ रस्ता मिळाला म्हणून ९५ ला गेलो तर हँडल हलायला लागलं, आधी बारीक, मग चाळण हलवल्यासारखं डावीकडे-उजवीकडे. मागून बायको विचारते, रस्ता खराब आहे का? रस्ता एकदम गुळगुळीत होता. हळूहळू थ्रॉटल सोडला, ८० च्या खाली आल्यावर थांबलं. पुढे साताऱ्यापर्यंत ७० नेच गेलो आणि घाम पुसत गेलो.

रिकाम्या बॉक्सनं एकटा गेलो तर १०० ला किंचित जाणवतं. बॉक्स काढला की ११० ला पण गाडी रेल्वेसारखी सरळ. ज्यानं बॉक्स बसवून दिला तो म्हणतो उंच गाड्यांना असंच होतं, सवय होईल. मला नाही करायची असली सवय. डिसेंबरमध्ये कोल्हापूर-बेळगाव-हुबळी करत हंपीला जायचंय, सगळा हायवेच आहे. काय करू? आणि दुसरं म्हणजे दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, सोमवारी सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. त्याचा याच्याशी काही संबंध नसणार पण विचारून घेतो.

प्रतिसाद:
आधी भरलेल्या बॉक्सचं वजन करा, मग बोलू. आणि बॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दांड्याच्या, किती मागे जातोय तेही बघा.

धागाकर्ता:
रद्दीवाल्याच्या काट्यावर केलं, त्याला वाटलं विकायलाच आणलाय. प्लेटसकट रिकामा ८ किलो, साताऱ्याला होतं तेवढं सगळं भरून २३. बॉक्सचा जवळजवळ अख्खा बोजा अ‍ॅक्सलच्या मागे.

प्रतिसाद:
मग सापडलं की! बॉक्सच्या आत स्टिकर असेल, त्यावर सामानाची लिमिट लिहिलेली असते, बऱ्याच बॉक्सला ती ५ ते १० किलोच असते. तुम्ही १५ किलो कोंबलंत. सी-सॉवर मागच्या टोकाला जाड पोरगं बसलं की पुढचं टोक उचलतं, तसं अ‍ॅक्सलच्या मागे आणि उंचावर वजन टाकलं की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि हँडल हलकं पडतं. वर डबल सीट, वर उंच काच आणि मागे एवढी चौकोनी पेटी, वाऱ्याला पकडायला अजून काय पाहिजे. जड सामान सॅडल बॅगमध्ये (दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या), खाली आणि पिलियनच्या, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या, पायांच्या जवळ न्या. बॉक्समध्ये फक्त रेनकोट आणि जॅकेट. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) डबल सीटला वाढवलात का? गाडी मागून बसली की हा प्रकार अजून वाढतो. टायरमधली हवा पण मॅन्युअलमध्ये डबल सीटला दिलीये तेवढीच, आणि टायर गार असताना.

प्रतिसाद:
वरच्या दादांशी सहमत, पण कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघितल्याशिवाय हंपीला जाऊ नका. पुढचं चाक अधांतरी करा, फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या) खालून धरून पुढेमागे ओढा, खडखड लागली तर ढिला आहे. मग हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवा, मध्यभागी खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलंय. स्पोकवर पण पान्यानं टिचकी मारत जा, एखादा बद्द वाजला तर ढिला. आणि परत हललंच तर जोरात ब्रेक दाबायचा नाही, हँडल आवळायचं नाही, टाकी गुडघ्यांनी धरायची आणि थ्रॉटल हळू सोडायचा. ते तुम्ही बरोबरच केलंत.

प्रतिसाद:
बॅटरीचं सांगतो. फॉग लाइट थेट बॅटरीवरून घेतलेत का, मध्ये रिले (बटणावरून लाइटचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे का? दोन्ही मिळून ८० वॉट म्हणजे जवळपास ७ अँपिअर ओढतात, पण बंद असताना ते बॅटरी खाणार नाहीत. खातं ते दुसरंच काहीतरी. चावी काढल्यावर बटणातली छोटी लाइट चालू राहते का? मोबाइल चार्जर लावलाय का?

धागाकर्ता:
आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. रिले आहे, पण बटणातली हिरवी लाइट चावी काढल्यावरही चालू असते आणि हँडलवरच्या यूएसबीचा व्होल्टमीटर पण! तो आकडा रात्री किती छान दिसतो म्हणून मीच कौतुक करत होतो. लाज वाटतेय.

प्रतिसाद:
दोन्हीचा प्लस चावीनंतरच्या, म्हणजे चावी चालू असेल तरच करंट येतो त्या, वायरवर घ्या, मध्ये फ्यूज टाका, झालं काम.

धागाकर्ता (रविवारचा अपडेट):
वायरिंग केलं. कोनसेट किंचित ढिला निघाला, मेकॅनिकनं टाइट केला. प्रीलोड दोन घरं वाढवला, नाना पेठेतून सॅडल स्टे (बॅगा टेकायच्या लोखंडी फ्रेम) आणले आणि मित्राच्या सॅडल बॅगा लावल्या, जड सगळं त्यात आणि बॉक्स घरी. आज परत सुरूरपर्यंत डबल सीट जाऊन आलो, १०० ला हँडल गप्प. कशानं थांबलं ते माहीत नाही कारण सगळं एकदम केलं, आणि बॉक्स परत लावून बघायचा सध्या धीर नाही.

आता नवीनच. सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेचा तळ येताना एवढा तापला की हात लावला तर चिकट, कापड वितळायला लागलंय बहुतेक. स्टे आणि सायलेन्सरमध्ये दोन बोटांचं अंतर आहे. हीट शील्ड म्हणून पत्रा कापून लावलाय का कुणी? कुठला पत्रा, किती जाडीचा, आणि तो वाजत नाही ना?